मातीच्या पाळीची नोंदवही: सप्टेंबर ते जुलै

१८ सप्टेंबर
तलाव काठोकाठ. सांडव्यावरून बोटभर पाणी जातंय. पाळीच्या, म्हणजे तलावाचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाच्या, कोरड्या बाजूला, पायथ्यापासून साधारण दीड मीटर वर, जेवणाच्या ताटाएवढा गवताचा पट्टा आजूबाजूपेक्षा गडद हिरवा दिसला. पायाने दाबल्यावर बुटाच्या कडेने पाणी वर आलं. विमोचकाचा, म्हणजे तलावातलं पाणी बाहेर सोडायचा, पाइप बरोबर त्याच्या खालून जातो. पाऊस दहा दिवसांत पडलेला नाही, म्हणजे हे वरून मुरलेलं पाणी नाही.

आजपासून वही घातली. आठवणीवर विसंबून राहिलो तर पुढच्या वर्षी "हे आधीपासूनच होतं" असं मीच म्हणेन.

२० सप्टेंबर
दादाबरोबर सगळी मापं घेतली, कारण आमच्याकडे एकही नकाशा नाही. पाळीची उंची खोल भागात ७ मीटर, लांबी १४० मीटर, माथा ३ मीटर रुंद. पाण्याकडचा उतार साधारण अडीचास एक (अडीच मीटर आडवं गेलं की एक मीटर उंची), कोरड्या बाजूचा दोनास एक. भरल्यावर पाणी सुमारे २ हेक्टरवर पसरतं, साठा अंदाजे ६० हजार घनमीटर. विमोचक म्हणजे ३० सें.मी. व्यासाचा लोखंडी पाइप, पाळीच्या पोटातून ३६ मीटर. वय चाळीसच्या आसपास. त्याची झडप बाहेरच्या, म्हणजे कोरड्या टोकाला आहे.

झडपेचं ठिकाण मी लहानपणापासून पाहत आलोय, पण त्याचा अर्थ आज कळला. झडप बाहेरच्या टोकाला असेल तर ती बंद असतानाही पाइपात तलावाचा पूर्ण दाब कायम असतो. कुठेही गंजून भोक पडलं की ते पाणी थेट भरावात घुसतं. झडप आतल्या टोकाला असती तर बंद केल्यावर पाइप कोरडा राहिला असता. चाळीस वर्षं आम्ही दाबाखालची नळी मातीत पुरून तिच्यावरून चालतोय.

२१ सप्टेंबर
पाणसाळीने माथ्याची पातळी घेतली, दर पाच मीटरवर एक. टोकं ठीक आहेत, मधोमध मात्र १८ सें.मी. खचलंय. सांडव्याच्या तळापासून माथा एक मीटर वर आहे असं आम्ही धरून चाललो होतो. सर्वांत खोल जागी प्रत्यक्षात ८२ सें.मी. आहे. पाणी माथ्यावरून गेलंच तर ते इथूनच जाणार, आणि मातीच्या पाळीला ते सोसत नाही. पाणी कोरड्या उतारावरून धावलं की आधी गवत उचकटतं, मग ओहळ पडतो, मग ओहळाचा कडा मागे मागे सरकत तलावापर्यंत पोहोचतो.

सांडव्यात आम्ही तीन वर्षांपूर्वी ३० सें.मी. उंचीच्या फळ्या टाकल्या होत्या, उन्हाळ्याला थोडं जास्त पाणी उरावं म्हणून. यंदा गवत आणि फांद्या अडकतात म्हणून त्या पावसाआधी काढल्या होत्या, पण खाचा तशाच होत्या आणि पुढच्या वर्षी परत घालायच्या असं ठरलं होतं. आज बसून गणित केलं. सांडवा ६ मीटर रुंद. वरचे ४० सें.मी. लाटांसाठी आणि खचण्यासाठी राखून ठेवले तर ६० सें.मी. जाडीचं पाणी जाऊ शकतं, म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेपाच घनमीटर. फळ्या असताना उरतात ३० सें.मी., आणि मग जातात जेमतेम १.७ घनमीटर. जाडी निम्मी झाली की वाहतं पाणी निम्मं होत नाही, जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येतं. फळ्या सरपणात टाकल्या, खाचा काँक्रीटने बुजवल्या. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळीही काढली. पुराच्या पाण्यात ती जाळी दहा मिनिटांत पालापाचोळ्याने भिंत होते.

२४ सप्टेंबर
पायथ्याशी चर खणून सगळं पाझरपाणी एका ठिकाणी आणलं आणि ९० अंशांची व्ही-खाच असलेला पत्रा बसवला. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची, पत्र्याच्या थोडी मागे, जिथे पाणी संथ असतं. आजचं माप ३.० सें.मी., म्हणजे सेकंदाला ०.२२ लिटर.

पाझर आहे म्हणून घाबरायचं नाही. मातीची पाळ थोडं पाणी सोडतेच. हे पाणी किती आहे, स्वच्छ आहे का, आणि दिवसागणिक वाढतंय का, एवढं कळलं पाहिजे. काचेची बरणी भरून रात्रभर ठेवली. सकाळी तळाशी काही नाही.

१ ऑक्टोबर
३.० सें.मी. बरणी स्वच्छ.

५ ऑक्टोबर
पाळीच्या खाली राहणाऱ्या आजींकडे गेलो. त्यांचं घर नाल्याच्या वळणावर, पाळीपासून हाकेच्या अंतराच्या थोडं पुढे. आजवर त्यांना या विषयावर कुणी काही सांगितलेलं नव्हतं. "आजी, तलावाच्या पाळीला पाझर लागलाय. धोका आज नाही, पण आम्ही फोन केला की वेळ कुठलीही असो, सामान न घेता मागच्या टेकाडावर जायचं," एवढं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि तू झोपलेला असलास तर?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दादाचा आणि शेजारच्या दोन घरांचा नंबर त्यांना लिहून दिला, त्यांचा नंबर आमच्या चौघांच्या फोनमध्ये घातला. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर पंपघराच्या दारावर रंगाने लिहिला.

लहान धरण म्हणून कमी धोका, हा समज कुठून येतो कळत नाही. आंतरराष्ट्रीय मोठी धरणे आयोगाच्या मोठ्या धरणाच्या व्याख्येत आमची पाळ साठा कमी असल्यामुळे बसत नाही, उंचीच्या १५ मीटरांच्याही बरीच खाली आहे. पण अमेरिकेत जॉर्जियातलं केली बार्न्स धरण सुमारे १२ मीटर उंच होतं. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर ते फुटलं आणि खाली झोपलेली ३९ माणसं गेली. पाण्याच्या वाटेवर घर किती जवळ आहे, यावर धोका ठरतो.

९ ऑक्टोबर
कोरड्या उतारावरची झुडपं काढली, गवत कापून बोटभर ठेवलं. गवत उंच असताना काहीच दिसत नव्हतं. आता दिसतंय: घुशीची चार बिळं. त्यांतलं एक मनगटाएवढं, काठी घातली तर हातभर आत गेली. बिळं खणून उघडी केली आणि ओल्या चिकणमातीने थर ठोकत बुजवली. नुसती वरून माती ढकलली असती तर आतली पोकळी तशीच राहिली असती.

१४ ऑक्टोबर
३.५ सें.मी. तलावाची पातळी मात्र गेल्या आठवड्यात १० सें.मी. उतरली आहे. पातळी उतरली की पाझर कमी व्हायला हवा, तो वाढलाय. तीनदा मोजलं. पत्र्याच्या कडेने गळत नाही ना, तेही पाहिलं. रात्री भू-तंत्र अभियंता असलेल्या मॅडमना फोन केला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: पाइपाच्या जवळ आहे का? पाणी गढूळ आहे का? मी म्हणालो, हो, नाही. "दुसऱ्याचं उत्तर बदललं तर उद्याची वाट पाहू नका," म्हणाल्या.

२१ ऑक्टोबर
सकाळी सहा. खाचेवर ४.० सें.मी. म्हणजे ०.४४ लिटर. माप एका सेंटीमीटरने वाढलं आणि पाणी दुप्पट झालं. ही खाच अशीच बोलते, म्हणून तिचं बारीक माप घ्यावं लागतं.

पाइपाच्या तोंडाशी, काँक्रीटच्या कडेला एक लहानशी उपळ होती, रुपयाएवढी. पाणी मधून वर येत होतं आणि भोवती बारीक मातीचं कडं साचत होतं. मुंगीच्या वारुळाची छोटी प्रतिकृती म्हणावी तसं. बरणी भरली. तासाभरात तळाशी तपकिरी थर, बोटाला गुळगुळीत लागणारा. ती माती पाळीच्या आतून आलेली होती.

मला टीटनची गोष्ट माहीत होती. अमेरिकेत आयडाहोतलं ९३ मीटर उंच मातीचं धरण, ५ जून १९७६. सकाळी सातच्या सुमाराला गढूळ पाझर दिसला, बाराला तीन मिनिटं कमी असताना पाळ कोसळली. पाणी मातीतून वाट काढत आणि माती वाहून नेत गेलं की भोक पाण्याकडच्या दिशेने मागे मागे वाढतं. त्याला वेळ किती लागेल, हे बाहेरून सांगता येत नाही.

आधी आजींना फोन केला, त्या मुलीकडे गेल्या. मग आपत्ती कक्षाला कळवलं. मग उपळीवर गाळणी घातली. तिचं तोंड चिकणमातीने किंवा काँक्रीटने बंद करायचा मोह सगळ्यांनाच होतो, आमच्याकडे आलेल्या दोघांनी सिमेंटच्या गोण्याच उचलल्या होत्या. ते करायचं नाही. दाब तसाच राहतो आणि पाणी दुसरीकडे फुटतं. पाण्याला वाट द्यायची आणि माती अडवायची. आधी स्वच्छ जाडसर वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी, वर दगडांचं वजन. थरांचा क्रम उलटा झाला तर माती खडीतून निघून जाते. दुपारी दोनपर्यंत पाणी येत होतं, पण स्वच्छ येत होतं.

झडपेला हात लावला नाही. झडप उघडून तलाव रिकामा करावा हे पहिलं सुचतं. पण फुटलेल्या पाइपात एवढा वेग आला तर तो आणखी काय ओढून नेईल हे कुणी सांगू शकत नव्हतं.

२२ ऑक्टोबर
रात्रभर दोन-दोन तासांच्या पाळ्या. दादा, मी, पुतण्या, शेजारचे. टॉर्चच्या उजेडात बरणी.

१५ सें.मी. व्यासाचा एचडीपीईचा (टणक प्लास्टिकचा) पाइप माथ्यावरून टाकून सायफन चालू केला. दोन्ही टोकं बंद करून वरच्या तोंडातून पाणी भरायचं, ते तोंड घट्ट बंद करायचं, मग दोन्ही टोकं उघडायची. वाहतं पाणी सेकंदाला ५० लिटरच्या जवळ. एवढ्याने तलाव दिवसाला २० सें.मी. उतरतो, आणि मॅडमनी ३० च्या पुढे जाऊ नका असं सांगितलंय. झटकन उतरवलं तर पाण्याकडचा उतार आतून ओलाचिंब राहतो, बाहेरचा पाण्याचा आधार निघून जातो आणि माती घसरते. घाईत पाळीचं एक अंग वाचवताना तिचंच दुसरं अंग गमवायचं, असं नको.

३० ऑक्टोबर
तलाव दीड मीटर खाली. खाचेवर २.६. स्वच्छ. आजी परत आल्या.

१४ नोव्हेंबर
चार मीटर खाली. आता सायफन धापा टाकतोय. पाण्यापासून माथा पाच मीटर वर आहे, आणि प्रत्यक्षात सायफन सहा-सात मीटरच्या पुढे उचलत नाही. उरलेलं पाणी पंपाने काढतोय. येणाऱ्या ओढ्याला वरच्या अंगाला छोटा बांध घालून बगल दिली.

२३ नोव्हेंबर
पाइपात कॅमेरा सोडला. तळाला नाण्यांच्या आकाराची भोकं, एकापुढे एक, जवळजवळ अकरा मीटर. एका सांध्यात पाइप दोन बोटं सरकलेला. कॅमेऱ्याच्या दिव्यात भोकांच्या पलीकडे माती दिसायला हवी होती, तिथे काळं दिसलं.

२५ नोव्हेंबर
दोन पर्याय. जुन्या पाइपात प्लास्टिकचा लहान पाइप सरकवून मधली फट ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ काल्याने, भरायची, किंवा पाळ कापून नवा पाइप टाकायचा. पहिला स्वस्त आणि आठवड्यात होणारा. पण पाइपाच्या बाहेरची पोकळी तशीच राहते, आणि पाणी तर बाहेरूनच चाललंय. दुसऱ्याच्या खोदाईचा आकडा ऐकून दादा गप्प झाला: सात मीटर खोल, बाजूंचा उतार दोनास एक, म्हणजे तळाला तीन मीटर आणि वर एकतीस मीटर रुंद. फूटभर व्यासाच्या पाइपासाठी पाळीचा चौथा हिस्सा उघडायचा. बाजू उभ्या कापल्या तर खोदाई खूप कमी झाली असती. पण उभ्या कापात नव्या मातीचं वजन बाजूंना लटकतं, मध्ये भेग राहते आणि पाण्याला तीच वाट मिळते.

त्या रात्री दादाला लॉन लेकबद्दल सांगितलं. कोलोरॅडोतलं, १९०३ सालचं, सुमारे ८ मीटर उंच, एका खासगी सिंचन कंपनीच्या मालकीचं मातीचं धरण. विमोचकाचा पाइप आणि झडप यांच्यामधली शिशाची सांधजोड खराब झाली, पाणी भरावात गेलं. १५ जुलै १९८२ च्या पहाटे ते फुटलं, तीन माणसं गेली. पानशेतचं त्याला सांगावं लागलं नाही. १२ जुलै १९६१ ही तारीख आमच्या घरात वडील नेहमी काढायचे. दादा म्हणाला, "कापू."

६ डिसेंबर
खोदाई सुरू. कोरडा हंगाम मोजकाच आहे.

११ डिसेंबर
पाइप उघडा पडला. मॅडमनी यंत्र थांबवायला लावलं आणि शेवटची माती फावड्याने काढली. पाइपाच्या पोटाखाली, जिथे गोलाई खाली वळते, तिथे पोकळी होती. मी हात घातला, कोपरापर्यंत आत गेला. आतली माती गार, मऊ, वरून गुळगुळीत झालेली, जशी ओढ्याच्या कडेला असते. पोकळी पाण्याकडच्या दिशेने सात मीटर लांब निघाली. मूळ बांधणाऱ्यांनी पाइप सपाट चरात ठेवून वरून माती लोटली होती. गोल पाइपाच्या बगलेत माती ठोकायचा धुमस पोहोचत नाही, तिथली माती पहिल्या दिवसापासून सैल होती. पाइपाला मध्ये एक चौकोनी काँक्रीटची कॉलरही होती, पाझर अडवायला म्हणून. तिच्या दोन्ही बाजूंना माती अजूनच सैल. पूर्वी सगळीकडे अशा कॉलर घालत, आता त्यांच्याऐवजी वाळूची गाळणी घालतात.

त्या खड्ड्यात उभं राहून वर माथा पाहिला. तिथून गेल्या पावसाळ्यात आम्ही ट्रॅक्टर नेला होता.

१९ डिसेंबर
नवा पाइप काँक्रीटच्या पाळण्यावर. पाळण्याच्या बाजू तिरप्या घेतल्या, म्हणजे माती त्यांच्यावर दाबून बसते, बगल उरतच नाही. झडप आता आतल्या टोकाला, तिरप्या दांड्याने माथ्यावरून चालवायची. तोंडावर कचरा अडवणारी जाळी. इथे जाळी हवीच, सांडव्यात नको.

२८ डिसेंबर
भराव. १५ सें.मी.चा सैल थर, रोलर, पुन्हा थर. पाइपाजवळ हातधुमस. दर थराआधी खालचा थर खरवडून ओला करायचा, नाहीतर दोन थरांत पापुद्रा राहतो.

मातीत पाणी किती, यावर सगळं अडतं. अमेरिकी अभियंते प्रॉक्टर यांनी १९३३ साली हे दाखवून दिलं की एकाच वजनाने ठोकलेली माती एका ठराविक ओलाव्यालाच सर्वांत घट्ट बसते, कोरडी असली तरी सैल राहते, जास्त ओली असली तरी. प्रयोगशाळेचा अहवाल आहेच, पण दर तासाला मूठ वळून पाहतो: गोळा व्हायला हवा, तळहात ओला होता कामा नये, आणि बोटाने दाबला की दोन-तीन तुकडे व्हावेत, भुगा नको. किंचित ओल्या बाजूला ठेवतोय, कारण कोरडी ठोकलेली माती पाणी लागल्यावर खचते.

आज दुपारी दोन थर कोरडे गेले. रोलरवाल्यांची घाई होती. ते दोन्ही उचकटून परत केले. वादावादी झाली.

३ जानेवारी
पाळीच्या कोरड्या बाजूकडच्या एक-तृतीयांश भागात पाइपाभोवती वाळूची गाळणी, चारही बाजूंनी, तिथून सच्छिद्र नळी काढून खाचेपर्यंत. वाळू कुठलीही चालत नाही. मृदायांत्रिकीचा पाया घालणाऱ्या टेर्झागी यांची कसोटी अशी: गाळणीतले सर्वांत बारीक १५ टक्के कण ज्या मापाखाली येतात ते माप, भरावातले ८५ टक्के कण ज्या मापाखाली येतात त्याच्या चार पटींहून मोठं नको. म्हणजे वाळूतल्या फटी मातीच्या जाड कणांना अडवतात, आणि अडलेले जाड कण बारकांना. पहिली आलेली वाळू चाळणीत नापास झाली, धुळीचं प्रमाण जास्त. परत पाठवली.

२२ जानेवारी
माथा बंद झाला. मधोमध १० सें.मी. जास्त उंच ठेवलाय, खचण्यासाठी. जुना खोलगट भागही भरून पातळीत आणला.

४ फेब्रुवारी
आंब्याचं झाड. कोरड्या उतारावर, माथ्यापासून हातभर खाली, वडिलांनी लावलेलं. हे पान लिहायला दोन आठवडे टाळलं. झाड वाऱ्याने उन्मळलं तर मुळांबरोबर खोलीएवढी माती उचलतं, आणि मेलं तर मुळं कुजून नळ्या उरतात. बुंधा नुसता कापून ठेवला तरी तेच. तलाव रिकामा असतानाच हे करता येतं. काढलं. एक मूळ आडवं चार मीटर आत गेलेलं होतं, मनगटाएवढं जाड, थेट पाण्याच्या दिशेने. खड्डा पायऱ्या करून थराथराने ठोकला, हरळी लावली. त्याच्या चार फांद्यांवरून कलमं केली आहेत, ती घराजवळ लावू.

११ जून
पहिला मोठा पाऊस. तलाव भरायला लागला. आता झडप हाताशी आहे, म्हणून दर मीटरला चार दिवस थांबायचं ठरवलंय. पाणी नव्या मातीत सावकाश मुरलं पाहिजे.

१६ जून
दोन मीटर पाणी. खाच कोरडी.

२९ जून
चार मीटर. खाचेवर १.८. बरणी स्वच्छ. माथ्यावर नव्या मातीत केसाएवढी भेग, दोन मीटर लांब, पाळीला समांतर. दोन्ही टोकांना खुंट्या मारल्या, तारीख लिहिली, वर प्लास्टिक अंथरलं. मॅडम म्हणाल्या, समांतर भेगेपेक्षा पाळीला आडवी, पाण्याकडून कोरड्या बाजूकडे जाणारी भेग वाईट, पण वाढली तर कळवा.

८ जुलै
भेग वाढलेली नाही. चिकणमातीने बुजवली.

१९ जुलै
तलाव भरला. रात्री सांडवा १४ सें.मी. वाहिला, काही अडकलं नाही. पहाटे पाचला खाचेवर २.० सें.मी., म्हणजे सेकंदाला ०.०८ लिटर. बरणी पंपघरात ठेवली आणि आठला पाहिली. तळ दिसत होता. परतताना आजी अंगणात उभ्या होत्या, हात वर करून "किती?" म्हणून विचारलं. "दोन," मी ओरडून सांगितलं, आणि त्या आत गेल्या.